आतला माणूस

भावाबहिणीने मिळून एक गेम बनवायला घेतला होता. चित्रं धाकटीची, कोड दादाचा. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनत होता, ते 'सेव्ह' दाबलं की नेमकी मान टाकायचं आणि दिवसभराचं काम पाण्यात जायचं. दादा दर वेळी कंपनीला तक्रार लिहायचा. कधी हात जोडून, कधी त्यांच्या सात पिढ्या उद्धरून. उत्तर मात्र ठरलेलं, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो."

एक दिवस त्याच कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं. तक्रारी फार मुद्देसूद लिहिता म्हणे!

"जा दादा," धाकटी म्हणाली. "आतला माणूस झालास की आधी त्या सेव्हचं बघ. मग आपला गेम पुरा करू."

रुजू झाल्या झाल्या दादाने साहेबांना विचारलं, "दुरुस्ती करणारी माणसं कुठे बसतात?"

"त्यांना मागेच घरी पाठवलं," साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त तक्रारींना उत्तरं द्यायची. आपलं जुनं उत्तर फारच कोरडं वाटतं हो. तुमची भाषा चांगली आहे, जरा मायेनं लिहा."

दुपारी दादापुढे एक तक्रार आली. सेव्ह दाबलं आणि सगळी चित्रं गेली, असं लिहिलं होतं. खाली धाकटीचं नाव.

साहेब खुर्चीमागेच उभे होते. दादाने मायेनं लिहिलं.



"ताई, तुमची गैरसोय आम्ही अगदी घरच्या माणसासारखी समजू शकतो."