टेपचं दुसरं टोक

“काकू, हे टोक धरून त्या चौथऱ्यापाशी थांबा,” महापालिकेचा मोजणीदार म्हणाला. गेल्याच महिन्यात गाव शहराच्या हद्दीत गेलं होतं आणि आज तो एकटाच टेप घेऊन नीलाकाकूंच्या मळ्यात हजर झाला होता. चौथऱ्यावर ताजा बेल वाहिलेला होता.

“हे बांधकाम कसलं?”

“आमच्या मालकांची समाधी. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की आपल्याच रानात बसवून माती देतात.”

“आणि शेजारी दगड लावून राखलेली ही जागा?”

“माझी. मालकांनी स्वतः आखून ठेवलीय.”

तो घुटमळला. “आता ते चालणार नाही, काकू. दफनासाठी महापालिकेनं वेगळी जागा दिलीय, पार जकात नाक्यापलीकडं.”

त्यानं खाली मान घालून वहीत त्या जागेपुढं ‘मोकळी’ असं लिहिलं आणि टेप गुंडाळायला घेतला. टेप ताणला गेला. त्यानं हिसका दिला, तर चौथऱ्याकडून तेवढ्याच जोराचा हिसका आला.

“रागावू नका काकू, टोक सोडा ना.”

“मी कधीच सोडलंय,” काकू त्याच्या पाठीमागून म्हणाल्या.