मिनिटाला चव्वेचाळीस ठोके

“सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारलीय,” रोलंड म्हणाला. “बाकी तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही.”

मार्जरी ब्लेन्किनने कागद वाचला. ‘गॉर्डी हेस्लॉप यांनी ही गाणी चौदा नंबरच्या घरात, स्वयंपाकघरात बसून, एकट्याने रचली व एकट्याने टेप केली, हे शेजारीण या नात्याने मला ठाऊक आहे.’ खाली तिचं नाव छापून तयार होतं. तिने कागद पालथा घातला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरातल्या त्या पबच्या माडीवर रविवारी दुपारी रोलंड धरून गॉर्डीचे अकरा चाहते जमले होते. गॉर्डीला जाऊन बारा वर्षं झाली. त्याने एकट्याच्या नावावर काढलेली एकमेव रेकॉर्ड आता कंपनीने पुन्हा काढली होती आणि सोबत दुसरी तबकडी दिली होती, अपुऱ्या राहिलेल्या गाण्यांची. कुठल्याशा पेटीत सापडलेली जुनी टेप होती म्हणे. चाहत्यांना त्याच्या घरावर त्याच्या स्मरणार्थ पाटी लावायची होती आणि नगरपालिकेला त्या काळचा एक साक्षीदार हवा होता. गल्लीत जुनं माणूस आता मार्जरीच उरलं होतं.

“आधी ऐकू तर द्या त्यांना,” शीना म्हणाली. तिच्या शर्टावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ‘चल गॉर्डी, आता तू म्हण.’ अकराही जणांचे शर्ट तसेच होते. “टेपवर शेवटी तो स्वतःलाच असं सांगतो. रिकाम्या घरात, स्वतःचं नाव घेऊन! मी दोनदा रडले.”

“दोनदाच?” मार्जरीने विचारलं.

नाइजेलने पबवाल्याच्या जुन्या यंत्रावर आधी गॉर्डीची गाजलेली छोटी तबकडी वाजवली. मग यंत्राचा वेगाचा खटका मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवरून तेहेतीसवर आणला आणि अपुऱ्या गाण्यांची ती मोठी तबकडी ठेवली. खटक्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

सुरुवातीला नुसतेच ठोके ऐकू आले. टक्... टक्... मग गिटार, मग आवाज. जड, खोल, झोपेतून उठल्यासारखा. गाणं होतं ‘बर्फाचे हात’.

“बर्फ म्हणजे त्याचं एकटेपण,” रोलंड हळूच म्हणाला.

मार्जरीने कप दोन्ही तळव्यांत धरला. एकतीस वर्षं तिने धक्क्यावर बर्फात मासळी भरली होती. तिची बोटं आता पुरती वळत नसत.

दोन कडवी झाली आणि गाणं थांबलं. खुर्ची करकरली. त्याच जड आवाजात शर्टावरचं ते वाक्य आलं. शीनाने डोळे पुसले.

“अपुरं राहिलं बिचारं,” कुणीतरी म्हणालं.

“अपुरं कसलं? एवढंच आहे ते,” मार्जरी म्हणाली. “रेकॉर्डवरचं तिसरं कडवं मागाहून चिकटवलंय. भिकार आहे.”

गॉर्डीच्या कडव्याला भिकार म्हणणारं माणूस त्या खोलीत आजवर आलं नव्हतं.

“ते ठोके कशाचे, तेवढं सांगा,” नाइजेल म्हणाला. त्याने वही उघडली. “मी वीस वेळा मोजलेत. मिनिटाला चव्वेचाळीस. माझ्या मते गळका नळ.”

“गॉर्डीचा बाप जन्मभर नळच दुरुस्त करत होता. त्यांच्या घरात नळ गळेल होय रे?”

“मग काय ते?”

“घड्याळ.”

“घड्याळ मिनिटाला साठदा वाजतं, आजीबाई!” सगळे हसले.

“घड्याळच आहे.”

रोलंडने कागदाकडे पाहत सबुरीने विचारलं, “म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरात घड्याळ होतं, असं लिहू?”

“त्याच्या घरात घड्याळ नव्हतं. वेळ विचारायला आमच्याकडे यायचा.”

“बाई, तुम्ही एकदा हे म्हणता, एकदा ते.” रोलंडचा आवाज चढला. “आम्ही तीस वर्षं हा माणूस ऐकतोय. त्याचा श्वास ओळखतो आम्ही! तुम्ही फक्त भिंतीपलीकडे राहत होता. एक सही करायला तुमचं काय जातंय?”

“माझं काय जातंय ते मला माहीत आहे.”

“नका करू मग. पाटी तुमच्याशिवाय लागेल. ‘एकट्याने’ हा शब्द त्यावर असेल, आणि मोठ्या अक्षरांत असेल.”

मार्जरी उठली. गुडघा धरून उठली, पण उठल्यावर ताठ उभी राहिली. पन्नास वर्षांपूर्वी ती अशीच रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीत उभी होती आणि तिथल्या साहेबाने हसून तिला दार दाखवलं होतं. तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. टेप गॉर्डी घेऊन गेला होता.

“आमच्या बाबांनी धक्क्यावरच्या बाजारातून टेपचं एक मोडकं यंत्र आणलं होतं,” ती म्हणाली. “भलतंच जोरात फिरायचं. त्यावर भरलेलं दुसऱ्या यंत्रावर लावलं की मेल्यासारखं संथ, जड वाजायचं. गॉर्डीला फार हसू यायचं.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“मोज रे पोरा,” ती नाइजेलला म्हणाली आणि थेट यंत्रापाशी गेली.

“खटक्याला हात लावू नका! अहो...”

तिने वाकड्या बोटाने खटका पंचेचाळीसवर ढकलला आणि सुई तबकडीच्या काठावर ठेवली.

टक्, टक्, टक्. नाइजेलची नजर सवयीने मनगटावर गेली. दहा सेकंद झाले.

“दहा,” तो म्हणाला. “म्हणजे... मिनिटाला साठ.”

या वेळी कुणी हसलं नाही. गिटार सुरू झाली, चपळ आणि धीट. मग गाणं आलं. विशीतल्या एका पोरीचा खणखणीत आवाज दोन्ही कडवी एका दमात म्हणून गेला. खुर्ची करकरली आणि तीच पोर हसत हसत म्हणाली,

“चल गॉर्डी, आता तू म्हण.”