परत आला तर नाव

नाव ठेवायचा हक्क घरात एइमावीचा, आणि रोनेलने पक्ष्याचं नाव तिला न विचारता ठेवलं. ठेवलं ते ठेवलं, वर सगळ्या किनाऱ्यावर सांगत सुटला. लग्नाला चार वर्षं झाली तरी या जावयाला काडीची अक्कल आली नाही, हे एइमावी सकाळपासून ज्याला त्याला ऐकवत होती.

"देगोरा," असं नाव त्याने ठेवलं होतं. एइमावीच्या भावाचं.

नाउरूच्या किनाऱ्यावर फ्रिगेट हे समुद्रपक्षी पाळणारी घरं आता बोटावर मोजण्याइतकी. एइमावीच्या घराची रीत अशी की पक्षी धरायचा, दोन महिने दांड्यावर बांधून हाताने मासळी भरवायची, मग दोरी सोडायची. आपल्या मनाने दांड्यावर परत आला तर नाव. त्याआधी नाही. नाव दिलेला पक्षी आलाच नाही, तर ते नाव त्याच्याबरोबर गेलं. घरात पुन्हा कुणाला ठेवायचं नाही.

आणि हे नाव एइमावीच्या लेकीच्या, लुसिंडाच्या पोटातल्या बाळासाठी राखलेलं होतं.

"आई, मी मामांना मान दिला," रोनेल म्हणाला. "पक्ष्यांचं त्यांच्याइतकं कुणाला कळायचं?"

"तो पक्षी किरिबातीच्या बेटांवर जाऊन बसला की तुझा मानही तिकडेच जाईल."

"येईल हो. माझ्या हातचं खातो तो."

"तुझा सासरा माझ्या हातचं तीस वर्षं खात होता. राहिला का?"

दोरी रोनेलनेच सोडली होती, सकाळी. तोवर दांड्यावर अंग चोरून बसणारा तो पक्षी कोंबड्याएवढा वाटायचा. त्याने पंख उघडले तेव्हा रोनेलने दोन्ही हात पसरले असते तरी कमी पडले असते. फडफडलासुद्धा नाही. वाऱ्याने त्याला आपलं माणूस असल्यासारखं उचललं आणि नेलं.

आता उन्हं कलली होती. रोनेल पाण्यात गुडघ्यापर्यंत उभा होता, हातात उडत्या माशाचे तुकडे.

"देगोरा! देगोऽऽरा!"

"अजून जोरात!" शेजारची अगाथा वाळूत पाय पसरून बसली होती. "फिजीपर्यंत ऐकू जायला हवं!"

लुसिंडा उपड्या होडीवर बसून पोटावरून हात फिरवत होती. ती हसली नाही. एइमावी दांड्याला टेकून उभी होती, पाठ समुद्राकडे. दोन वर्षांपूर्वी देगोरा छोटी होडी घेऊन रीफबाहेर, प्रवाळाच्या कड्यापलीकडे गेला, तेव्हा याच जागी उभं राहून तिने तीन दिवस हेच नाव हाकारलं होतं. त्यानंतर ते तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

रोनेलचा घसा बसला. आभाळ रिकामंच. तो पाण्यातून बाहेर आला आणि सासूसमोर खाली मान घालून उभा राहिला.

"चुकलं, आई. बाळाचं नाव मी घालवलं."

एइमावीला ओठावर आलेलं काहीतरी तिखट गिळावं लागलं.

"हाका मारू नकोस आता," ती म्हणाली. "लहानपणी माझ्या भावासाठी आमची आई इथूनच घसा फोडायची. ताटातलं निवून जायचं. हाक ऐकली की तो मुद्दाम आणखी आत पोहत जायचा."

रोनेल माशाचे तुकडे मुठीत धरून तिथेच उभा राहिला.

आधी रीफच्या वर एक ठिपका दिसला. मग दहा, मग वीस. रानटी फ्रिगेटांचा थवा, इतका उंच की हलतोय की नाही कळू नये. त्यातला एक सुटला. तो खाली उतरत नव्हता, मोठा होत होता. दुभंगलेली शेपटी कात्रीसारखी उघडत, मिटत होती. होडीवरून सावली गेली, लुसिंडाच्या पोटावरून सरकली. अगाथा उठून उभी राहिली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यांच्या डोक्यावर, हात उंचावला तर लागेल इतक्या अंतरावर, तो वाऱ्यात नुसता थांबला. पंखाचं एक पीसही हललं नाही. अख्खा किनारा त्याच्याखाली लहान झाला.

मग तो दांड्यावर बसला, पंख मिटले आणि पुन्हा कोंबड्याएवढा झाला. रोनेलच्या हातातल्या मासळीकडे त्याने असं पाहिलं, जणू उशीर रोनेलनेच केला होता.

एइमावीने ते तुकडे रोनेलच्या मुठीतून काढून घेतले. पक्ष्याने एक तुकडा घेतला, दुसरा घेतला.

"देगोरा," ती अगदी हळू म्हणाली.

पक्ष्याने तोंड समुद्राकडे फिरवलं.

एइमावीने हात झग्याला पुसले, मग डोळे, आणि जावयाकडे वळली.

"नाव बरोबर ठेवलंस. हेच राहू दे त्याचं. माझ्या नातवंडाला दुसरं शोध, आणि या खेपेला मला विचार. हाक मारली की ओ देणारं एक तरी माणूस मला या घरात पाहिजे."