कासिल्दाच्या घरची गस्त

एलिओदोरोच्या उजव्या तळहातावरचे फोड जाऊन आता घट्टे पडले होते. उकडलेला बटाटा त्याच्या हातावर ठेवताना कासिल्दाला ते दिसलं. आला तेव्हा हे हात मऊ होते. गवती टोप्या विणून गावोगाव विकणाऱ्याचे.

"लवकर खा," ती म्हणाली. "सभा भरलीय."

पोलीस खाली शहरात. वर डोंगरात चोर पकडायचा, वदवायचा आणि राबवायचा, तो गावच्या गस्तीनेच. कासिल्दाचे दोन बैल नाहीसे झाले त्या संध्याकाळी हा परका माणूस खिंडीत सापडला. तळ्याच्या गार पाण्यात उभा केल्यावर कबूल झाला. तेव्हापासून तो दिवसा कासिल्दाचं शेत खणायचा आणि रात्री तिच्या घरचा माणूस म्हणून गस्त घालायचा. विधवेकडे दुसरं कुणी नव्हतं, आणि गस्त चुकवणाऱ्या घराला गावचं कुरण बंद व्हायचं.

शिक्षा कधी संपवायची ते नुकसान झालेल्याने सांगायचं, असा रिवाज. कासिल्दा दर सभेला म्हणायची, "पुढच्या वेळी."

गस्तीचा प्रमुख दॉन असुन्सिओन चाबूक खांद्यावर टाकून शाळेच्या पटांगणात उभा राहिला. "आता पुढची वेळ नाही. माफ केलंस तर हा घरी जाईल. नाहीतर आजच्या ट्रकने तुरुंगात."

"आधी साथीदार कोण ते सांगू दे की!" शेजारची मेल्चोरा ओरडली. "बैल कुठे विकलेस रे?"

"सेलेन्दीनला."

"मागे तर बांबामार्का म्हणालास!"

"मग बांबामार्काला."

लोक हसले. असुन्सिओन हसला नाही. "मुरलेला आहे. बैलांचा रंग विचारला तरी आधी आपल्याच तोंडाकडे बघतो."

"आणि ही बया चोराला बटाटे भरवतेय," मेल्चोरा म्हणाली. "काय गं, नवरा करून घेतेस की काय?"

कासिल्दाने शाल सारखी केली. बायकांच्या नजरा तिच्यावरून त्याच्यावर आणि पुन्हा तिच्यावर फिरत होत्या.

एलिओदोरोने टोपी काढून छातीशी धरली. "कासिल्दाबाई, काय ते एकदाचं सांगून टाका. घरी म्हातारी आहे. मी कुठे आहे ते तिला ठाऊक नाही."

खालच्या वळणावर ट्रकचा भोंगा वाजला. गस्तीतल्या दोघांनी पुढे होऊन त्याचे दंड धरले. तो ओढला गेला, पण नजर तिच्यावरून हलली नाही.

"थांबा."

कासिल्दा पुढे आली.

"बोल बाई," असुन्सिओन म्हणाला. "माफी की तुरुंग?"

"सोडा त्याला," कासिल्दा म्हणाली. "माझे बैल दरीत पडले. मी काठावरच उभी होते."