रफूताईची कात्री

"मेली ही कात्री! कापते कमी, चावतेच जास्त," ती पुटपुटली.

"अगं, मग दुसरी घे ना. खण भरलाय कात्र्यांनी," नवरा म्हणाला.

"हीच हवी. नारिंगी मूठ लोकांच्या ओळखीची आहे."

त्याने फोन स्टँडला अडकवला आणि कॅमेरा खाली वळवला. टेबल, विटलेला स्वेटर आणि तिचे दोन हात. चेहरा दाखवायचा नाही, हा फेसबुकवरच्या 'रफूताई' पानाचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. आता तर माइकही बंद असे. 'आजारपणात आवाज गेला, पण हात चालू आहेत,' असं लिहून रफूताईचं लाइव्ह पुन्हा सुरू झालं होतं. तेव्हापासून लोकांच्या कमेंट तिला वाचून दाखवायचं काम नवऱ्याकडे आलं.

लोक फाटके कपडे पाठवत आणि रफू कसं करायचं तेही मतं देऊन ठरवत. आजचा स्वेटर, फोटोच्या जागी बटण लावलेल्या 'बटणवाल्या आजी'चा. ही आजी रोज हजर. स्वेटरच्या कोपराला चांगलं मुठीएवढं भोक होतं.

"पिवळी लोकर जिंकतेय," त्याने आपल्या फोनवर पाहून सांगितलं.

पिवळी लोकर आतल्या खोलीत होती. दोघंही जागचे हलले नाहीत. मग तोच उठला, दार जेमतेम उघडून गुंडा घेऊन आला.

"एक बाई विचारतेय, नवरा रफू करून मिळेल का?"

"मग?"

"दुसरी म्हणतेय, आधी सुई टोचायला धड जागा उरलीय का बघ."

ती हसली. मग हसल्याचं लक्षात येऊन गप्प झाली.

शेवटचा टाका झाला. कात्रीत लोकर नुसतीच दुमडली. तिने ती दातांनी तोडली.

"बोटं बघ जरा. उद्या सुट्टी घे."

"एक दिवस चुकला की लोक विसरतात हो. कोण रफूताई, म्हणतील." तिने स्वेटरची बाही हाताने सपाट केली, पुन्हा पुन्हा. "तेवढं मी होऊ देणार नाही."

त्याने पुन्हा आपला फोन हातात घेतला.

"आजींना आवडलं का? काय लिहिलंय त्यांनी?"

तो फोनकडे बघत राहिला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"अहो, वाचा ना."

तो वाचू लागला.

"'पोरी, छान झालंय. पण आता सांगतेच. आपली रफूताई डावखुरी होती गं. हे हात तिच्या आईचे आहेत, हे आम्ही सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. ती कात्री डाव्या हाताची आहे, तिची तिला राहू दे. तू तुझी घे. आम्ही रोज येतो.'"