उजवीकडचा देवदूत

“देवदूतांना स्वतःची मर्जी असते का हो, फादर?” एका संताच्या पायाचा अंगठा घासता घासता मूर्तिकाराने विचारले. प्रश्न ज्ञानासाठी नव्हता. फाटकाशी दुपारपासून त्याची लेक उभी होती, आणि तिकडे पाहायचे नसेल तर धर्मचर्चेसारखा आडोसा नाही.

फादर तक्रार घेऊन आले होते. चर्चमध्ये वेदीच्या डावीकडे सात वर्षे एक देवदूत तुतारी फुंकत होता. उजवीकडचा चौथरा रिकामा. दोघांनाही चेहरा लेकीचाच द्यायचे ठरले होते. डावा घडला. उजवा अजून मातीत होता, तेवढ्यात ती बँडमधल्या ट्रंपेटवाल्याशी लग्न करून निघून गेली. मूर्तीत तिच्या हाती तुतारी बापानेच दिली होती; तिने ती इतकी मनावर घ्यावी, हे मात्र त्याला रुचले नाही. ‘पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस,’ असे तो बोलला, आणि स्वतःच्याच वाक्याच्या असा काही प्रेमात पडला की घरात दुसऱ्या कुणाची उणीव भासल्याचे त्याने कधी दाखवले नाही.

“होती मर्जी,” फादर म्हणाले. “पण एकदाच वापरायला. सगळं लख्ख दिसत असताना त्यांनी निवड केली, म्हणून ती कायमची. त्यांना पश्चात्ताप नाही, माघार नाही.”

“म्हणजे आमच्यासारखंच!” मूर्तिकार खुलला. “मी एकदा बोललो की बोललो.”

“अगदी. जे नरकात पडले ना, तेही शब्दाचे असेच पक्के. एकसुद्धा परत फिरला नाही.”

मूर्तिकाराने संताचा अंगठा जरा जास्तच घासला.

बायको दारात आली. “अहो, उन्हं उतरली. पोर अजून उभीच आहे. आत घेऊ?”

“एकदा सांगितलंय ना!”

ती चौकटीला टेकून राहिली. त्या घरात आता भिंतीही वाद घालीत नसत.

फादर उठले. “बरं, तो उजवा तेवढा टाकून द्या. मी दुसरीकडून आणवतो. ओलं फडकं नसेल तर दोन दिवसांत माती तडकते, असं तुम्हीच सांगायचात. इथं तर सात वर्षं झाली.” असे म्हणत त्यांनी कोपऱ्यातल्या आकृतीवरचे फडके ओढले.

फडक्यातून पाणी ठिबकले.

खाली लेकीचा अर्धा चेहरा होता. फादरांनी मानेपाशी बोट टेकवले. ते लोण्यात रुतावे तसे रुतले.

“अगं बाई!” बायको म्हणाली. “आणि मी मेली, पहाटे नळ गळतो म्हणून सात वर्षं प्लंबरला शिव्या घालतेय.”

“माती चांगली होती,” मूर्तिकार अंगठ्याकडे पाहत पुटपुटला. “वाया गेली असती.”

बायको परवानगी न विचारता फाटकाकडे निघाली. ती अंगणात पोचली, तेव्हा मागून त्याचा आवाज आला, नेहमीसारखाच करडा:

“तिला म्हणावं, लवकर ये. अर्धा चेहरा राहिलाय, उजेड आहे तोवर बसायचंय.”