फुकटची तिकिटं

"कार्डावर जमलेले विमानाचे माइल्स वस्तूंवर उडवायचे नाहीत, काका. मिक्सर-बिक्सर घेणारे बुडतात," पोह्यांवर शेव भुरभुरत सत्यजित म्हणाला. "रोखीचं तिकीट महाग झालं, की तेव्हा माइल्स काढायचे. दिवाळीच्या आदल्या दिवशी इंदूर–पुणे केवढ्याला पडतं! माझ्या कार्डावर मात्र माइल्स नेहमीइतकेच जातात. वसूल!"

गोपीनाथरावांचा चमचा थांबला. मुलगा पुण्याचा, नोकरी पुण्यात. मुलगी बघायला आज पहिल्यांदाच भोपाळला आलेला. मग याला इंदूरचं भाडं तोंडपाठ कसं?

"इंदूरला कोण असतं तुमचं?"

"तसं कोणी नाही." सत्यजितने पाण्याचा पेला उचलला. "एका ओळखीच्या व्यक्तीसाठी काढतो कधी कधी."

"मी चहा आणते," म्हणत मानसी आत गेली.

बरखेड्याच्या कारखान्यात गोपीनाथरावांची सगळी नोकरी दक्षता विभागात गेली होती. निवृत्तीनंतर भोपाळातच कोटरा सुल्तानाबादला घर बांधलं, पण शंका काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्यापासून भटजींपर्यंत सगळे त्यांच्या लेखी आरोपी. स्वतःच्या घरात मात्र ते एकदा चांगलेच फसले होते. थोरल्या योगिनीने आपलं लग्न आपणच जमवलं आणि यांना सगळ्यांत शेवटी कळलं. तेव्हापासून तिला या घराचं दार बंद होतं.

म्हणून धाकट्या मानसीला ते डोळ्यांत तेल घालून जपत. पीएचडीच्या कामासाठी ती महिन्यातून एकदा उज्जैनला जाई, तर स्वतः बसमध्ये जागा धरून देत आणि बस हलल्यावरच घरी परतत.

पाहुणे जाताच त्यांनी पुण्याला फोन लावला. कारखान्यातला जुना सहकारी परीक्षित तिथे मुलाकडे राहत होता. "त्या पोराची जरा चौकशी कर," म्हणाले.

परीक्षितचा फोन आठवड्याच्या आत आला.

"स्थळ सोड, गोपीनाथ. वॉचमन सांगतो, दर महिन्याला एक मुलगी येते. थेट विमानतळावरून, बॅग घेऊन. आणि चेहरा आजवर कोणी पाहिलेला नाही. स्कूटरवरच्या पोरी बांधतात ना, तशी तोंडाला ओढणी गुंडाळलेली."

गोपीनाथरावांनी फोन आपटला. आपल्या गरीब गाईसारख्या पोरीला हा भामटा फसवणार होता!

"नकार कळवून टाका आणि मोकळे व्हा," त्यांची बायको सिंधू म्हणाली. "बेकार तमाशा कशाला?"

"रंगेहाथ पकडल्याशिवाय मी कधी फाइल बंद केलेली नाही. 'घर बघायला या, तिकिटं माझ्या माइल्सवर,' म्हणालाय ना? जाऊ या. त्याच्याच माइल्सवर जायचं आणि त्याच्या आईवडिलांसमोर विचारायचं, ही इंदूरची कोण?"

मानसीचा चेहरा पांढराफटक पडला.

"असेल कोणी, बाबा. उगाच कशाला उकरायचं? मला आवडलाय तो."

"आवडलाय! एकदा पोहे खाऊन गेला तेवढ्यात?"

ती हळूच म्हणाली, "जायचंच असेल तर ट्रेनने जाऊ ना. फुकटचं कशाला?"

"विमानाची भीती वाटते का गं?"

"हो."

त्यांना भरून आलं. आयुष्यभर पै-पै जोडली, पण पोरीला कधी विमानात बसवलं नाही. आणि आज बसवायचं, तेही असल्या कामाला. "मी शेजारी आहे ना," ते म्हणाले.

विमानतळावर मानसीने चेहऱ्याला ओढणी गुंडाळली, ती विमानात बसल्यावरही सोडली नाही. नुसते डोळे दिसत होते.

"एसीने डोकं दुखतं माझं," ती म्हणाली.

गोपीनाथरावांना खरं कारण कळलं होतं. लेक लाजेने मेली होती. ते म्हणाले, "बेटा, तोंड लपवायचं ते त्याने. आपण का लपवायचं? माझी लेक मान वर करून त्या घरात शिरणार." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या ओढणीची गाठ सोडली. सिंधू खिडकीबाहेर बघत राहिली.

मग पट्टा कसा लावायचा ते दाखवायला ते वळले. मानसीचा लावून झाला होता.

दारं बंद झाली. पट्टे तपासत येणारी हवाईसुंदरी त्यांच्या रांगेशी थांबली. त्यांचं बोलणं कानावर पडलं असावं, कारण ती स्वच्छ पुणेरी मराठीत, ओळखीचं हसत म्हणाली,

"अय्या, मानसी मॅम! आज भोपाळहून? दर महिन्याला तर इंदूरहून बसता ना!"